लॉची सीईटी दिली म्हणजे ॲडमिशन झाली असं नसतं

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

निकालाचे दिवस आले की आपल्या पेपरात इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी यांचे पानभर तक्ते येतात, कुठल्या कॉलेजला किती जागा, कटऑफ किती, कागद कुठले लागणार, सगळं व्यवस्थित असतं. लॉचं मात्र कुठेतरी कोपऱ्यात दोन ओळींत उरकतं. मी नाशिक जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करते आणि दर पावसाळ्यात पक्षकारांची, शेजाऱ्यांची पोरं चौकशीला येतात, मॅडम सीईटी दिलीय, मार्क पण चांगले आहेत, आता कॉलेजला कधी जायचं, आणि मी विचारते की कॅपचा फॉर्म भरला का, तर म्हणतात सीईटीचा भरला होता ना. इथेच सगळी गडबड आहे म्हणून हे पत्र लिहितेय, जरा लांब झालंय, कापायचं तर माझी बडबड कापा पण माहिती कापू नका.

सीईटी सेलची, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा घेणाऱ्या सरकारी कार्यालयाची, लॉची परीक्षा २०१६ पासून आहे, बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सची वेगळी आणि पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या एलएलबीची वेगळी. गेल्या काही वर्षांत ती साधारण मार्च ते मे या काळात झालीय. पण परीक्षा म्हणजे फक्त अर्धं काम. निकालानंतर सीईटी सेल कॅप म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेची नोंदणी वेगळी उघडतो, त्याची फी वेगळी, त्यात कागद नव्याने अपलोड करायचे, ते ऑनलाइन तपासले जातात, काही चूक निघाली तर फॉर्म परत येतो आणि तो ठरलेल्या तारखेच्या आत दुरुस्त करून पाठवायचा, मग तात्पुरती मेरिट लिस्ट, तिच्यावर तक्रार करायला एकदोन दिवस, मग पक्की लिस्ट, मग कॉलेजांचा पसंतीक्रम आणि मग राऊंड. ज्याने कॅपची नोंदणी केली नाही त्याचं सीईटीत नव्व्याण्णव पर्सेंटाइल असलं तरी मेरिट लिस्टमध्ये नाव येत नाही. पोरांना वाटतं मार्क पडले की कॉलेजवाले फोन करतील. फोन येतात, नाही असं नाही, पण ते एजंटांचे येतात.

आणि फॉर्म परत आलाय हे कळतं कशावरून तर मेसेज आणि लॉगिनवरून. सायबर कॅफेवाल्याने स्वतःचाच ईमेल टाकलेला असतो, मोबाईल नंबर काकांचा असतो, काका सुरगाण्यात, रेंज नाही. म्हणून पहिलं सांगणं हेच की फॉर्म स्वतःच्या नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर भरा, पासवर्ड वहीत लिहून ठेवा, आणि राऊंड चालू असताना रोज एकदा लॉगिन करून बघा, रोज म्हणजे रोज.

आता परीक्षेचं थोडं. १२० प्रश्न, दोन तास, कॉम्प्युटरवर, चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणजे एकही प्रश्न रिकामा सोडायचा नाही हे सांगायला क्लास लागत नाही. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हीत असतो, त्यामुळे मराठी मीडियमच्या पोरांनी आपण बाद झालो असं समजायचं कारण नाही, पण इंग्रजीचा म्हणून एक भाग असतो आणि तीन वर्षांच्या पेपरात तोच सगळ्यात जड असतो, तेव्हा तीन महिने आधीपासून रोज इंग्रजी पेपरातलं एक पान वाचायला लागा. आणखी एक, सेकंडहँड गाईड घेताना छपाईचं वर्ष बघा हो. १ जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, सीआरपीसीच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता आणि पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम. खुनाचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं ४२० आता ३१८ मध्ये गेलंय (शिवी म्हणून मात्र चारशेवीसच राहणार बहुतेक). पन्नास रुपये वाचवायला जुनं गाईड घेऊन रद्द झालेली कलमं पाठ करणारी पोरं बघितली की वाईट वाटतं.

ज्यांना नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीत जायचंय त्यांची गोष्टच वेगळी. त्यांना क्लॅट द्यावी लागते, ती डिसेंबरमध्ये होते, फॉर्म त्याच्या काही महिने आधी सुटतात, ओपनला फी ४००० रुपये, पेपर फक्त इंग्रजीत, त्यातही १२० प्रश्न आणि दोन तास पण इथे चुकीच्या उत्तराला पाव मार्क जातो. आपल्या राज्यात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशी तीन विधी विद्यापीठं आहेत आणि तिथे महाराष्ट्रातल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, पण आपल्याकडच्या पोरांना क्लॅट हा शब्द कळतो तोच बारावीची बोर्डाची परीक्षा झाल्यावर, तोपर्यंत परीक्षा होऊन निकाल लागलेला असतो. म्हणजे अकरावीलाच ठरवावं लागतं. फी मात्र तिथे वर्षाला लाखात जाते हे आईबापांना आधी सांगा, मग पोराला स्वप्नं दाखवा.

आता कागद. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण नापास होऊन घरी बसलेला मुलगा मी फारसा बघितला नाही, कागदामुळे बसलेले मात्र दर वर्षी भेटतात. ओबीसी, व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी यांना नॉन क्रिमिलेयर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असल्याचा दाखला, लागतं, त्याची मुदत ३१ मार्चला संपते, गेल्या वर्षीचं धाकट्या बहिणीच्या अकरावीला चाललं होतं म्हणून तुम्हाला चालेल असं नाही, चालू वर्षात मुदत असलेलंच लागतं. त्यासाठी सेतूमध्ये किंवा आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा, आणि जूनमध्ये सगळा जिल्हाच तिथे रांगेत असतो म्हणून एप्रिल उजाडला की लगेच टाका. ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाच्या दाखल्याचं, पण तसंच, दर वर्षी नवं.

जात पडताळणी म्हणजे व्हॅलिडिटीला तर त्याहून वेळ लागतो. ओबीसी, एससी, व्हीजेएनटीवाल्यांची समिती नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनाकडे आणि एसटीवाल्यांची वेगळी, ती आदिवासी विकासकडे, गडकरी चौकात, आणि पेठ-कळवणहून आलेली माणसं सकाळी चुकीच्या ऑफिसात उभी राहून दुपारी दुसरीकडे पळताना दिसतात. यात पुरावा लागतो तो जुना, एससी-एसटीला १९५० च्या आधीचा, व्हीजेएनटीला १९६१ च्या आधीचा, ओबीसीला १९६७ च्या आधीचा. म्हणजे आजोबांचा नाहीतर पणजोबांचा शाळेचा दाखला, गावच्या झेडपी शाळेच्या जुन्या रजिस्टरचा उतारा, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदीची) नक्कल असलं काहीतरी. आजोबा शाळेतच गेले नसतील तर चुलत आजोबा शोधा, रक्ताच्या नात्यातल्या कुणाची व्हॅलिडिटी आधी झाली असेल तर ती जोडा आणि वंशावळ नीट लिहा. हे काम पोरगं बारावीला असताना दिवाळीत गावी गेल्यावर करायचं असतं, कॅपचा राऊंड चालू असताना नाही. ठरलेल्या तारखेला व्हॅलिडिटी किंवा नॉन क्रिमिलेयर नसलं की तुम्ही ओपनमध्ये टाकले जाता, आणि ओपनच्या कटऑफला मार्क पुरले नाहीत की संपलं.

गॅप असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. आपल्याकडे एमपीएससीची दोनचार वर्षं करून मग लॉकडे वळणारे पुष्कळ आहेत, त्यात लाजण्यासारखं काही नाही, सध्या वयाची अट पण आडवी येत नाही, चाळिशीतल्या बायका लेकराबाळांचं करून एलएलबी करतायत. आणि आमच्याच आवारातली गोष्ट सांगते, आमच्याच लोकांना राग आला तरी चालेल. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा, नॉन क्रिमिलेयरचा दाखला काढायला सरकारी ऑफिसात जे प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं त्याला स्टॅम्प ड्युटी माफ आहे, २००४ पासून माफ आहे, साध्या कागदावर चालतं. तरी पोरांच्या हातात पाचशेचा स्टॅम्प दिसतो. कुणी मागितला तर विचारा की कुठल्या नियमाने.

पात्रतेत एक गोष्ट नाशिककरांनी मुद्दाम बघायला हवी कारण मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात आहे आणि घराघरात त्याची डिग्री आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाचे २००८ चे नियम असे आहेत की दहावी, बारावी रीतसर करून मग मुक्त विद्यापीठातून बीए, बीकॉम केलं असेल तर लॉला चालतं, काही अडचण नाही. पण बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन थेट पदवी घेतली असेल तर ती लॉसाठी धरत नाहीत. नोकरीला चालते, प्रमोशनला चालते, इथे नाही. माझ्या मते हा नियम बरोबर नाही, ज्या बाईला बापाने आठवीतून काढलं आणि जिने पस्तिशीत पदवी घेतली तिलाच कायदा शिकायची जास्त गरज असते, पण माझ्या मताने ॲडमिशन मिळत नाही, त्यामुळे सीईटीची फी भरायच्या आधीच हे तपासून घ्या. मार्कांची अट ओपनला ४५ टक्के, ओबीसीला ४२, एससी-एसटीला ४०. पाच वर्षांच्या कोर्सला बारावीचे बघतात, तीनच्याला पदवीचे.

मुलींच्या बाबतीत थोडं वेगळं सांगायचंय. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने निर्णय काढला की ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, ज्यांचं उत्पन्न वर्षाला ८ लाखाच्या आत आहे अशा मुलींची व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. लॉ त्यात येतं. पण अट अशी की ॲडमिशन कॅपमधून झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही, खासगी विद्यापीठात घेतली तरी नाही. आता होतं काय की कॅपचे राऊंड लांबतात, कधी कधी सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत चालतात, घरच्यांचा धीर सुटतो, मुलगी घरी बसलीय म्हणून नातेवाईक बोलायला लागतात, तेवढ्यात कुणीतरी येतो की सर आजच भरा, सीट जाईल, आणि बाप उसने आणून पैसे भरतो, ज्या फीची गरजच नव्हती ती. तेव्हा ओरिजिनल कागद आणि पैसे कुठेही देण्याआधी ही ॲडमिशन कॅपमधली की संस्थेच्या पातळीवरची एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर पावतीवर लिहून घ्या. आणि घाई करू नका, लॉचं कॉलेज उशिरा सुरू झालं म्हणून कुणाचं वर्ष वाया जात नाही. ज्यांना कॉर्नेलिया सोराबजी हे नाव माहीत नाही त्यांना सांगते, १८६६ साली याच नाशिकमध्ये जन्मली, ऑक्सफर्डमध्ये कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई, परीक्षा १८९२ ला दिली आणि डिग्री हातात पडली १९२२ ला, कारण १९२० पर्यंत ते विद्यापीठ बायकांना डिग्रीच देत नव्हतं, आणि भारतात बायकांना वकिली करू द्यायचा कायदा झाला १९२३ ला. तीस वर्षं थांबली ती, आपण चार महिने थांबू शकतो.

कॉलेज निवडताना पोरं इमारत बघतात. नाशिकमध्ये एनबीटी आहे, मविप्रचं आहे, सिडकोत नवजीवन आहे, बाकी खासगी विद्यापीठं आहेत, मी कुणाला वर-खाली करणार नाही. पण जाऊन बघा जरूर, गेटवरच्या पोरांना विचारा की लेक्चर होतात का, कायम शिक्षक किती, लायब्ररी उघडी असते का, मूट कोर्ट (सरावाचं खोटं कोर्ट) खरंच होतं की फोटोपुरतं. बार कौन्सिलची मान्यता चालू वर्षाची आहे का ते पण बघा. पसंतीक्रम भरताना पहिल्या नंबरला तेच कॉलेज टाका जिथे मिळालं तर नक्की जाणार आहात, मित्राने टाकलं म्हणून पुण्याचं किंवा मुंबईचं टाकून नंतर होस्टेल परवडत नाही म्हणून रडू नका. प्रत्येक राऊंडचे नियम माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, चाळीस-पन्नास पानं आहेत, पण ज्याला ती वाचायचा कंटाळा येतो त्याने वकील होऊन काय वाचायचं ठरवलंय मला कळत नाही.

नोकरी करत एलएलबी करू, हजेरी लागत नाही, फक्त परीक्षेला जायचं, हा एक मोठा गैरसमज आहे. बार कौन्सिलच्या नियमात प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी आहे, रात्रीचे वर्ग चालत नाहीत, सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर लॉचे वर्ग भरवायचे नाहीत असं लिहिलंय, आणि त्याच वेळी दुसरी रेग्युलर डिग्री पण करता येत नाही. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी हे आधी बघावं. सकाळचे वर्ग असलेलं कॉलेज आणि सेकंड शिफ्ट असं जमवणारे आहेत, पण त्यांची झोप कुठे जाते हे त्यांनाच विचारा.

पुढचं पण थोडक्यात सांगते कारण घरचे तेच विचारतात, लॉ केलं की जज होईल ना. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने कनिष्ठ न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षं वकिलीचा अनुभव पुन्हा सक्तीचा केलाय, म्हणजे कॉलेजातून थेट न्यायाधीश हे आता नाही. डिग्रीनंतर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, घ्यायची, तिची फी सुप्रीम कोर्टाच्या २०२४ च्या निकालाप्रमाणे ७५० रुपये आणि एससी-एसटीला १२५, यावर जास्त मागता येत नाही, मग ऑल इंडिया बारची परीक्षा. आणि पहिली वर्षं सिनियरकडे काढायची. बार कौन्सिलने २०२४ मध्ये परिपत्रक काढलं की ज्युनियरला शहरात महिन्याला किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत. शिफारस आहे, सक्ती नाही, आणि आमच्या बार रूममध्ये ते वाचून जे हसले ते सगळे सिनियर होते. तेव्हा घरात दोनतीन वर्षं तग धरता येईल का हे आधी बघा.

मराठी मीडियमच्या पोरांना एवढं सांगते की १९९८ पासून आपल्या राज्यात जिल्हा आणि तालुका कोर्टाची भाषा मराठी आहे, निफाडला, येवल्याला, मालेगावला दावा, कैफियत, उलटतपास मराठीत चालतो, आणि सात-बारा, फेरफार, वाटणीपत्र ज्याला न अडखळता वाचता येतं त्याला काम कमी पडत नाही. कॉन्व्हेंटमधली हुशार पोरं फेरफार बघून घामाघूम होतात. हायकोर्टात मात्र इंग्रजीच, त्यामुळे पाच वर्षांत ती पण करून घ्यायची आहेच.

आता आपल्याकडे मागणं. साहेब, यंदा सीईटी सेलचं लॉचं वेळापत्रक आलं की नाशिकच्या पानावर एक चौकोन द्या, फॉर्मची शेवटची तारीख, परीक्षा, कॅपची नोंदणी, कागदांची यादी, एवढंच. कॅपची नोंदणी वेगळी करावी लागते ही ओळ जाड टाइपात. तो चौकोन एकदा परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी आणि एकदा निकालाच्या दिवशी, असा दोनदा छापा, कारण पहिल्या वेळी कापून ठेवलेला कागद निकालापर्यंत कुणाच्याच घरात सापडत नाही. आणि जमलं तर डिसेंबरमध्येच नॉन क्रिमिलेयर आणि व्हॅलिडिटीची एक बातमी करा, त्या दोन ऑफिसांचे पत्ते टाकून, पेठ-सुरगाण्याच्या आवृत्तीत तर नक्कीच.

आपली,
एक वाचक आणि वकील,
इंदिरानगर, नाशिक